टोपलीखालचं पीठ

मौजा पिपरटोला, सालेकसा स्टेशनाजवळ
ता. ३० नोव्हेंबर १९३१

चि. सुकराम भाऊजींस,

वहिनी शामकला हिचे अनेक आशीर्वाद. मोठ्या भावाची बायको म्हणून हा हक्क मिळाला आहे, तो मी सोडणार नाही. तुम्ही तुरुंगातून सुटलात आणि गोंदियाला धानाच्या गिरणीत हमालीला लागलात, हे तिकडून आलेल्या शालीकरामनं सांगितलं. वाळलात म्हणाला. रागानं माणूस वाळतोच, त्यात तुरुंगाच्या भाकरीचा दोष नाही.

इकडे धान कापून झालं, मळणी चालू आहे. लाल गाय व्याली, गोऱ्हा झाला. शेजारच्या नंदाबाईची जीभ अजून तशीच आहे, तिच्या अंगणात कोंबडीसुद्धा थांबत नाही. इकडचं सगळं खुशाल असं लिहायची रीत आहे, म्हणून तेही लिहिते.

आता तुमच्या निरोपाचं. शालीकरामनं तो शब्दाला शब्द सांगितला: "वहिनीले इचार, दादाच्या दहाव्याले पिठावर पाऊल निंगालं होतं ते खरं का खोटं? तुरुंगात एक कैदी मुठीनं तसंच पाऊल काढून दाखवून राहिला होता. खोटं असन, तर कुंजीलालचा पोरगा मी जित्ता ठेवत नाही."

तुम्हाला बाराखडी मीच शिकवली, चुलीपुढे राखेत बोट फिरवून. तेव्हा तुम्हाला उत्तरही मीच लिहायला हवं. पण सुरुवातीपासून लिहीन. तुम्हाला फक्त तुमचा राग आठवतो, बाकीचं तुम्ही विसरलात.

सहा वर्षं झाली, त्या वर्षी पावसानं दडी मारली होती. धान पोटरीत आलेलं आणि बोडीच्या तळ्यात पाणी गुडघाभर. शेजारच्या शेताच्या कुंजीलालनं आपल्या शेताचा बांध फोडून पाणी स्वतःच्या धानाच्या बांधीत घेतलं. हे बांध बुजवायला गेले. शिदोरी घेऊन मी मागून जात होते. खाली वाकून दोन्ही हातांनी चिखल थापत होते हो ते, हातात काठीसुद्धा नव्हती. कुंजीलालनं मागून कुऱ्हाड घातली. एक घाव मानेवर बसला, दुसऱ्यानं डोकं कानापर्यंत उघडलं. मी धावले तेव्हा तो कुऱ्हाड उपटत होता आणि ती निघत नव्हती. त्यांच्या पाठीवर पाय देऊन त्यानं ती ओढून काढली. मी त्या भेगेत पदर कोंबत राहिले. पदर भरला, मग लुगडं भरलं. बांधीतलं पाणी लाल झालं. घरी आणेपर्यंत धुगधुगी होती. छपरीत खाटेवर ठेवलं, डोकं माझ्या मांडीवर घेतलं आणि ते गेले.

कुंजीलालला त्याच दिवशी पोलिसांनी धरून नेलं; पुढे तो काळ्या पाण्यावर गेला आणि तिथंच मेला. पण तुमचं तेवढ्यानं भागलं नाही. सरणापुढे तुम्ही सगळ्यांसमोर बोललात की दहावं होऊ द्या, मग त्या घरात दिवा लावायला माणूस ठेवत नाही. कुंजीलालच्या बायकोला, गिरजाला, तेव्हा दिवस भरलेले होते. दहाव्याच्या दोन दिवस आधी ती बाळंत झाली, मुलगा झाला. ते ऐकून तुम्ही म्हणालात, "बरं झालं, एक वाढला."

दहाव्याच्या आदल्या सांजेला, जिथं यांनी प्राण सोडला तिथं तुमच्या आईंनी रीतीप्रमाणे पीठ पसरलं, दिवा ठेवला, वर टोपली पालथी घातली. सकाळी ज्याची खूण उमटेल त्या जन्माला जीव गेला. तुमच्या आजोबांच्या वेळी पाखराचा पंजा निघाला म्हणे. मला विचाराल तर टोपलीत चिमणी शिरली असेल. मी अशीच आहे, तुम्हाला ठाऊक आहे.

पहाटे मी शेणाला उठले. तुम्ही अंगणात दगडावर कुऱ्हाड घासत होता, तो आवाज येत होता. छपरीत आई टोपली उचलून बसल्या होत्या. दिवा खाली धरून पीठ बघत होत्या, कडेकडेनं, पुन्हा मधोमध. पीठ कोरं होतं, भाऊजी. मुंगीचा पायसुद्धा नव्हता. त्या बाईनं तोंडात पदर कोंबला आणि अशी हलली की मला वाटलं आता ही पडते. लेक कुठेच गेला नव्हता. नुसता संपला होता.

मग त्यांनी तुमच्या कुऱ्हाडीच्या आवाजाकडे मान वळवली. मूठ आवळली, तिची कड पिठावर दाबली आणि बोटाच्या टोकानं वर पाच टिंबं दिली. दिवाळीला लक्ष्मीची पावलं काढतो, अगदी तशीच. मग टोपली झाकली, हात लुगड्याला पुसला आणि ओरडल्या, "सुक्या, ये रे! तुया भाऊ माणसाच्या जन्माले आला!"

तुम्हाला खरं हवं होतं ना? हे खरं. पाऊल आईंच्या मुठीचं होतं. त्या दहा दिवसांत गावात गिरजाचंच एक पोर जन्मलं होतं. गावानं ते डोक्यावर घेतलं, कारण गावालाही आणखी मुडदे नको होते. नंदाबाईला पोराच्या डाव्या कानामागे घावाचा डाग दिसला, तुमच्या सोबत्याला, बकारामला, उजव्या. मी दोन्ही कान पाहिले, मला मळ दिसला.

तुम्ही त्या घरात शिरलात खरे, पण पोराला पाहून तुमचा हात थांबला. मी दारातच होते. रडलात तुम्ही. आणि रडत रडतच वळून कुंजीलालच्या भावाचा, भैय्यालालचा हात कोपरापासून तोडलात. तो दारात गिरजापुढे आडवा उभा होता, एवढाच त्याचा गुन्हा. तो हात अंगणात पडला तेव्हा बोटं हलत होती. ती मला अजून दिसतात.

तुम्ही गेल्यावर आई रोज गिरजाकडे दूध घेऊन जायला लागल्या. पहिल्यांदा मला वाटलं, सोंग आणलं आहे तर वठवायला नको का. पण त्या त्याला यांच्याच लहानपणीच्या नावानं, मुन्ना म्हणू लागल्या. यांना आवडायचा म्हणून मोहाच्या फुलांचा लाडू त्याच्यासाठी बांधायच्या. एकदा न राहवून मी म्हटलं, "आई, मूठ तर तुमचीच होती."

त्या जराही दचकल्या नाहीत. म्हणाल्या, "मूठ माई होती बाई. पण ते माया मनात आनलं कोनं? मी त अडाणी."

मी मानत नाही, भाऊजी. माझा नवरा माझ्या मांडीवर संपला, तो कुठे गेला नाही, हे या हातांना कळलं आहे. पण त्यांना कोरं पीठ सोसलं नाही. मला सोसतं, म्हणून मी काही मोठी शहाणी नाही. मी फक्त त्यांच्यापेक्षा कोरडी आहे. त्या लेकराला मांडीवर घेऊन गुणगुणायच्या तेव्हा मला त्यांचा हेवा वाटायचा. उठून चालती व्हायचे मी.

आता जे लिहायचं टाळते आहे ते लिहिते.

तुम्ही मला विचारलंत आणि उत्तराची वाट पाहिली नाहीत. शालीकराम माझ्याकडे यायच्या आधीच तुमचा दुसरा निरोप बकारामला पोचला होता. दिवाळी उलटल्यावर, भर दुपारी, सगळे धान कापायला गेले असताना त्यानं गिरजाच्या घराला लागून रचलेला तनसीचा पेंढा पेटवला. पोरगा आत निजला होता. आई आपल्या छपरीत धान पाखडत होत्या. मी बोडीवरून धूर पाहून धावत आले तेव्हा त्या हौदात लुगडं बुडवून आत शिरत होत्या. "माया मुन्ना आत आहे! माया मुन्ना!" मी त्यांचं लुगडं धरलं. माझ्या हाताला चावून त्यांनी ते सोडवलं. तो वण अजून आहे.

मागच्या कुडाला भोक पाडून त्यांनी पोराला बाहेर ढकललं. ओल्या लुगड्यात गुंडाळलेला होता, त्याचे नुसते केस जळले. मग आढं खाली आलं.

आई गेल्या, भाऊजी. लगेच गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी उन्हं वर येईपर्यंत केळीच्या पानावर पडून होत्या. पाठीची कातडी पानाला चिकटत होती, कूस बदलता येत नव्हती. आग कोणी लावली हे त्यांना कळलं नाही. शेवटी मला जवळ बोलावून म्हणाल्या, "सुक्याले खबर दे बाई. सांग त्याले, तुया भाऊ वाचला."

ती खबर मी देते आहे.

बकाराम सांजेला येऊन माझ्या पायावर पडला, त्यानं तुमचं नाव सांगितलं. मी त्याला लाथ मारली, आणि पोलीस आले तेव्हा चुलीची ठिणगी उडाली म्हणून जबाब दिला. भैय्यालालला एक हात अजून आहे, आणि एका हातानंही कुऱ्हाड चालते. मला आणखी कुणाला खाटेवर ठेवायचं नाही. तुम्हालासुद्धा नाही.

गिरजा आणि पोरगा आपल्याच घरी आहेत, तुमच्या खोलीत. जाणार कुठे?

तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर झालं. तो तुमचा भाऊ नाही. कुंजीलालचा मुलगा आहे. त्याला मारायचं असेल तर आता तुम्हाला कोणतीही खूण आडवी येत नाही, कोरं पीठ आहे. मी दाराला कडी लावणार नाही. कडीनं आग अडत नाही, हे पाहिलं.

फक्त एक सांगते. आईंनी त्याला शिकवून ठेवलं आहे की त्याला एक लहान भाऊ आहे, सुकराम नावाचा, दूर गावी गेलेला. सालेकशाकडून बैलगाडी आली की तो जळक्या केसांनी रस्त्यात उभा राहतो आणि गाडीवानाला विचारतो, "माया लहाना भाऊ आला का?"

मी त्याला अजून काही सांगितलेलं नाही.

तुमची वहिनी आणि आता या घरात तुमची आईही,
शामकला