पावसाळ्याचं पाणी अजून बाकी आहे

प्रिय नूपुर,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून हे पत्र.

तुला वाटतं, आई कोलकात्यात दिवसभर एकटी कंटाळत असेल. अगं, मी दर आठवड्याला बसने मीनाखाँला जाते! तिथे मासळीची मोठमोठी खारी तळी आहेत, भेरी म्हणतात त्यांना. विद्यापीठातल्या सुनीतीताईंच्या प्रकल्पासाठी मी त्यांचं पाणी तपासते. एमएस्सी झाल्यावर बाबांच्या बदल्यांमागे फिरताना परीक्षानळीला हात लागला नव्हता. आता क्षार, नायट्रेट, फॉस्फेट सगळं माझ्याकडे. पहिल्या दिवशी प्रत्येक नळी दोनदा तपासली, पण कुणाला कळू दिलं नाही.

हिवाळ्यात तळं नितळ होतं. उन्हाळ्यात पाणी आटलं, खारटपणा वाढला, गाळातलं फॉस्फेट वर आलं आणि पाणी शेवाळाने हिरवंगार झालं. एका सकाळी पोचले, तर मासे वर येऊन तोंडं उघडत होते. मासे भुकेले आहेत असं समजून मालक विश्वनाथबाबू घाबरून खताचं पोतं उघडत होते. मी पाण्यातला ऑक्सिजन मोजला, शेवाळाने रात्रीत जवळपास संपवलेलाच! माझ्या मोडक्यातोडक्या बंगालीत ओरडले, "दादा, खत नको! भरतीचं पाणी आत घ्या!" ते पोतं टाकून बांधातलं पाण्याचं दार उचलायला धावले. दुपारपर्यंत मासे पुन्हा खाली गेले. पुढच्या खेपेला त्यांनी हा भलामोठा भेटकी मासा दिला. तो साफ करताना बाबांची जी तारांबळ उडाली, ती तू पाहायला हवी होतीस.

बाबांच्या पुण्याच्या बदलीचं तुला कळलंच आहे. तू आमच्यासाठी खोली लावते आहेस, हेही त्यांनी सांगितलं. पण बाळा, पावसाचं पाणी आलं की क्षार किती उतरतात, नायट्रेट किती चढतं, ते मोजायचं राहिलंय. तेवढं सोडून आले तर वर्षभराचं काम अर्धवट राहील. हे मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "शैला, इतकी वर्षं तू माझ्यामागे आलीस. आता तुझं होईपर्यंत मी लावीन कुकर." रविवारी पुणे स्टेशनवर ते एकटेच उतरतील. रागावू नकोस, घ्यायला जा. मी दिवाळीला येते. आणि हो, त्यांना भात मऊ लागतो, पण तांदळात पाणी किती घालायचं हे त्यांना अजिबात माहीत नाही.

तुझीच, जरा उशिराने येणारी,
आई