साच्यासाठी होडी

नाटे, ता. ५ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. कनीज हिस,

अकबरभाईचा सलाम आणि दुआ. वि. वि. तू फोन केलास म्हणे. पण पन्नास वर्षं होड्यांवर हातोडा मारून माझे कान गेले, तेव्हा कागदच बरा.

चार वर्षांत मी नवी होडी बांधलेली नाही, हे तुला ठाऊक आहे. सगळे फायबरच्या घेतात. काल त्या करणारा अद्नानच दारात आला. म्हणाला, चाचा, माझ्या होड्या लाटेवर नीट चढत नाहीत, तुमच्या हातचा आकार पाहिजे. लाकडाची एक करून द्या, तिच्यावरून साचा काढतो, मग हव्या तेवढ्या निघतील. मी त्याला चहा पाजला आणि नाही म्हटलं. माझ्या धंद्याची कबर मीच खणू का? बरोबर केलं ना, ते कळव.

माया आहेच, ती राहू दे.
तुझा भाई

पोफळी, ता. १४ नोव्हेंबर

ती. अकबरभाई यांस,

कनीजचा सलाम. वि. वि. आम्ही खुशाल. हे रिटायर झाल्यापासून माझ्या फोडणीत लक्ष घालतात, एवढाच त्रास.

तुम्ही बरोबर केलंत असं मी लिहिणार नाही. वहिनी सांगते, काम नाही म्हणून तुम्ही मोरीचं धडधाकट दार तीनदा काढून बसवलंत. आणि अद्नानच्या वाकड्या होड्यांत शेवटी आपलीच माणसं बसणार. करून द्या. राग आला तर रागाने लिहा, पण लिहा.

धाकटीवर लोभ ठेवा.
कनीज

नाटे, ता. २ मार्च २०२५

चि. सौ. कनीज हिस,

सलाम, दुआ. आठ दिवस तुझ्यावर रागावलो, नवव्या दिवशी अद्नानकडे गेलो. तो म्हणाला, नुसता आकार हवा, तरंगली नाही तरी चालेल. मी सांगितलं, न तरंगणारी होडी मला येत नाही. दोन महिने लागले.

साचा निघाला. नव्या होड्या लाटेवर सुरेख चढतात. बघून बरं वाटलं, हे तुलाच लिहितो. शेडमध्ये जागा नाही म्हणून अद्नान लाकडाची मोडणार होता. मी ती खाडीत लोटायला लावली. टिपूसभर पाणी आत आलं नाही. मी रडलो असं तुझी वहिनी म्हणते.

तेवढ्यात कालवं काढणारी सोनूबाई आली. फायबरची हलकी होडी वाऱ्याने फिरते, ही जागेवर राहील, असं म्हणत तिने वल्ही घेतली आणि कुणाला न विचारता निघूनही गेली. अद्नान होडी मागायला रोज जातो आणि कालवं खाऊन परत येतो.

आता तिच्या जावेलाही तशीच हवी आहे. पोफळीकडे जुन्या फणसाचं लाकूड मिळेल का, ते मेहुण्यांना बघायला सांग. तेवढीच तुझी फोडणी सुटेल.

पत्राची वाट बघतो.
तुझा भाई अकबर