गाणं चालू असताना कांदा फोडायचा नाही

भाऊ, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत तुमची आठवण आली ती बहुतेक वेळा रागानेच आली. अख्खी गल्ली तुम्हाला भाऊ म्हणायची, म्हणून पोटची पोर असून मीही भाऊच म्हणत राहिले. आज लिहायला बसले ते नानांमुळे. गेल्या रविवारी ते पत्ता शोधत पिंप्राळ्याला माझ्या घरी आले होते. तुमचे मित्र नाना, पारोळ्याच्या लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे ते. ऐंशी ओलांडली त्यांनी. आता धुळ्याला मुलाकडे असतात.

तुमच्या गाण्यांचं खूळ मला पहिल्यापासून माहीत आहे. भुसावळला रेल्वेत कारकून होतात, तेव्हा एक अँग्लो-इंडियन गार्ड देश सोडून जाताना तुम्हाला पेटीभर रेकॉर्डी देऊन गेला. जुनं जॅझ, पॉप, अगदी सुरुवातीचं रॉक. तुम्ही त्यांच्या कॅसेटी करून घेतल्या, आणि हिवाळ्यात जामनेर रस्त्यावरच्या मित्राच्या शेतात भरिताची पार्टी असली की बॅटरीवरचा टेप काखोटीला मारून निघायचात. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जातायत, कोणी ती लाकडी भांड्यात ठेचतंय, आणि मध्येच तुम्ही हात वर करता, "थांबा. आता ऐका." मग बोलायचं नाही, ठेचायचं नाही, कांदासुद्धा फोडायचा नाही. मित्र बिचारे भाकरी हातात धरून बसायचे आणि भरीत गार व्हायचं. खरं सांगू? त्या गाण्यांतलं एक अक्षर तुम्हाला कळत नव्हतं. ठेका धरायचात तोही भलत्याच जागी. पण तोरा असा, की जणू गाणी तुम्हीच लिहिली.

मनापासून ऐकायचे ते एकटे नाना. त्यांनी एकदा कॅसेट मागितली, तर तुम्ही म्हणालात, "बँडवाल्याच्या हातात नको, उद्या वरातीत वाजवशील." मग ते तीन हिवाळे डोळे मिटून ऐकत राहिले आणि एक गाणं नुसत्या कानांनी उचललं. चौथ्या हिवाळ्यात टॉवेलात गुंडाळून क्लॅरिनेट घेऊन आले. मी तेव्हा सतरा वर्षांची, कॉलेजातली मैत्रीण सोबत आणलेली. नाना बांधावर बसले, म्हणाले, "भाऊ, हाई तुनंच गानं शे. ऐक जरासं." आणि डोळे मिटून वाजवायला लागले. सूर एकही चुकला नाही. पण आयुष्यभर वरातीत फुंकलेली फुंक ती, तिनं सगळं गाणं थरथरवत, लांबवत नेलं. आता घोड्यावरून नवरदेव येतो की काय असं वाटत होतं. हसू फुटलं आणि मग सगळेच हसले. तुम्ही म्हणालात, "नाना, नवरदेव कुठं राहिला?" तेवढ्यावर भागलं नाही. तुम्ही टेप लावलात, "याला म्हणतात गाणं," म्हणालात, आणि तेच गाणं त्यांना अख्खं ऐकवलंत. ते शेवटपर्यंत मान खाली घालून बसले, कारण गाणं चालू असताना उठायचं नाही हा तुमचाच नियम. मग क्लॅरिनेट टॉवेलात गुंडाळली, अर्धी भाकरी खाल्ली आणि एस.टी.ला निघून गेले. पुन्हा कधी आले नाहीत.

शेवटच्या आजारपणात, दवाखान्यात, तुम्ही दोनदा म्हणालात, "नानाला निरोप धाड." दोन्ही वेळा मी सांगितलं की फोन लागत नाही. मी तो लावलाच नव्हता. केलंत तसं भरा, असं मनाशी म्हणत तुमचा चेहरा पाहत बसले.

आता दर रविवारी माझ्या तिघी मैत्रिणी येतात आणि आम्ही तुमची तीच गाणी मोबाइलवर ऐकतो. त्या शेव-मुरमुरे खातात, मध्येच बोलतात, मी कुणाला गप्प करत नाही. याचा मला फार गर्व होता. नाना आले तेव्हा मी मुद्दाम ते गाणं लावलं. त्यांनी डोळे मिटले, बोटं काठीवर फिरायला लागली. गाणं संपल्यावर म्हणाले, "आते दात नही ऱ्हायनात, फूक धरत नही." मग काठी बाजूला ठेवत, "बाई, येक सांग. त्या दिनले मना डोया मिटेल व्हतात. बठ्ठा हासनात ते ऐकू उनं. पन पयले कोन हासनं व्हतं? तुना बाप का?" सगळे हसले ते त्यांना ऐकू आलं होतं, पहिलं कोण हसलं तेवढं कळलं नव्हतं.

"हो नाना," मी म्हटलं. "भाऊच."

"मंग ठीक शे," ते म्हणाले. "त्याना सोभावच तसा व्हता." आणि बशीत चहा ओतून प्यायले.

भाऊ, त्या दिवशी तुमचेही डोळे मिटलेले होते. हात मांडीवर होता आणि ठेका, बहुधा जन्मात एकदाच, बरोबर पडत होता. मी मैत्रिणीकडे पाहिलं आणि फिस्सकन हसले. तुम्ही डोळे उघडलेत, आधी माझ्याकडे बघितलंत आणि मग हसलात. नाना दवाखान्यात आले असते, तर पहिलं कोण हसलं ते निघालंच असतं; फोन का लावला नाही, ते आता तुम्हाला वेगळं सांगायला नको.

हा कागद तुमच्या कॅसेटींच्या पेटीत ठेवते, तिथे कोणी हात घालत नाही. येत्या रविवारी नाना पुन्हा येणार आहेत. त्यांनी परत विचारलं, तर मी परत तुमचंच नाव सांगेन.