बोडीतली पसई

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझा तुमच्यावरचा राग काही जात नाही. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. म्हणोत बापडे. दुसऱ्या कोणाच्या हातून ते झालं असतं तर दोन शिव्या घालून मी मोकळी झाले असते. पण तुम्ही चांगले होता, शहाणे होता, कलेक्टरला मिळाला नसता एवढा मान तुम्हाला आमच्या गावात होता, आणि तुमच्याच हातून झालं. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाहीच, म्हणून सरळ लिहिते.

नागपूर तिकडे महाराष्ट्रात गेलं आणि बालाघाट इकडे मध्य प्रदेशात राहिलं, त्याला तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. कॉलेजातले मराठी प्राध्यापक एकेक करून नागपूरची वाट धरत होते. तुम्ही राहिलात. वर्गात मी एकटी मुलगी. पहिल्याच पावसाळ्यात तुम्ही करग्यावर बोललात. करगा म्हणजे धानाच्या बांधीत, भातखाचरात, आपसूक उगवणारं धानाचं रानटी भावंड, दिसायला हुबेहूब धानच, पण पिकलं की दाणे झडून चिखलात जातात आणि शेतकरी हात चोळत बसतो. म्हणून आमच्याकडे जांभळ्या पानांचं धान पेरायचे. हिरवं दिसलं की करगा, उपटून फेका. काही सालं बरं चाललं, मग करगाही जांभळा निघू लागला. माझा बाप म्हणायचा, "करगा हुशार झाला लेकाचा." तुम्ही फळ्याकडून वळून म्हणालात, "हुशार कोणी झालेलं नाही. पिकाशी संकर होऊन जे जांभळे झाले तेवढे तुमच्या हातून सुटले, हिरवे तुम्हीच उपटलेत. निवड तुम्ही केलीत." माझ्या अंगावर काटा आला. आमच्या बांधावरची गोष्ट फळ्यावर येऊ शकते हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

मग मीच एक दिवस बोलून गेले की आमच्या गावच्या बोडीत पसई होते, आणि तिथे आसपास शेत नाही. तुमचा चेहरा असा झाला की जणू घबाड सापडलं. त्याच रविवारी छोट्या रुळांच्या आगगाडीने आपण कटंगीला उतरलो, तिथून पायी. बोडी म्हणजे जंगलाच्या कडेचं उथळ तळं, आणि त्यात गुडघाभर पाण्यात उभी पसई, लांब लालसर कुसळांची. करग्यासारखी भेसळ झालेली नाही, मुळातलंच रानटी धान. तुम्ही धोतर खोचून पाण्यात उतरलात ते दुपार कलली तरी बाहेर येईनात. मी एक लोंबी ओरबाडून दाणे तोंडात टाकले तर केवढ्याने ओरडलात! "ते खायला आहे का?" "हौ सर," मी म्हटलं, "खाण्यासाठीच हाय." तुम्ही हसलात, पण मला वाटतं, ऐकलं नाहीत.

कारण खाण्यासाठीच होती ती. जन्माष्टमीच्या आधी हलछठीचा उपास येतो. मुळात तो हिंदीवाल्यांचा, पण आमच्या गावात सगळ्याच लेकुरवाळ्या बाया करत. नांगराने पिकवलेलं त्या दिवशी तोंडात घालायचं नाही. बोडीतली पसई शिजवायची आणि म्हशीच्या दह्याशी खायची, पोरांच्या जिवासाठी. त्यासाठी धान पिकायच्या आधीच बाया लोंब्यांच्या जुड्या बांधून ठेवत, म्हणजे दाणे पाण्यात झडत नसत. आणि जिथलं धान उपासाला, तिथे नांगर जाऊ द्यायचा नाही. गावच्या पटेलाचा बोडीच्या काळ्या गाळावर कधीचा डोळा होता. एकदा बैल घेऊन आला तर बाया पाळीवर, बोडीच्या बांधावर, जाऊन बसल्या. बैल परत गेले.

आमच्या चुलीपाशी पाटावर बसला आहात तुम्ही. माय वाढते आहे. आणि तुम्ही तिला समजावता आहात की जुड्या बांधल्या म्हणजे कोणते दाणे बोडीत पडायचे आणि कोणते घरी जायचे हे बायका ठरवतात, आणि तुम्हाला तर माणसाचा हात न लागलेली पसई बघायची आहे, ती आपली आपण कशी बदलते ते. काही वर्षं तोडू नका.

"हात तं आमच्या सासवायच्या सासवायपासून लागून राह्यला, मास्तर," माय म्हणते. "तिले काई झालं का?"

"तेच तर बघायचं आहे मला."

"मंग उपासाले काय खावाचं आमी?"

"वारासिवनीच्या बाजारात मिळते की पसई."

माय तव्यावरची भाकरी उलटते. मग म्हणते, "ठीक हाय. तुमी माह्या पोरीले शिकवून राह्यले. तुमी म्हणता तं नाई तोडत." आणि तिने साऱ्या गावच्या बायांना थोपवलं. तुमच्या शास्त्रासाठी नव्हे सर, माझ्यासाठी. जमिनीवरून चालताना मुंगी चिरडू नये म्हणून जपणारा माणूस तुम्ही, आणि हे तुम्हाला दिसलं नाही!

बोडी काय फुलली त्या दोन-तीन सालांत! पाणी दिसेना. तुम्ही पोरासारखे खूश, प्रत्येक कोपऱ्यातली पसई वेगळी ओळखायचात, कुसळावरून, पानाच्या कडेवरून, मलाही ओळखायला लावायचात. हलछठीला आमच्याकडे जेवलात तेव्हा "छान आहे" म्हणालात. "बजारची हाय," माय म्हणाली, आणि आत निघून गेली. गावातल्या बायांना बाजारची सवय झाली. कोणी बोडीकडे फिरकेना. फिरकायचं कशाला?

मग एका उन्हाळ्यात पटेलाने पाळ फोडून पाणी सोडून दिलं. आपण गेलो तेव्हा बोडीत नांगर फिरून गेला होता, ढेकळं उन्हात तापत होती. घरी येऊन मायला विचारलंत, "तुम्ही कोणीच अडवलं नाहीत?"

"काहून अडवाचं, मास्तर?" माय म्हणाली. "तेच्यात आमचं काय राह्यलं होतं?"

ती रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती तुम्हाला पाणी देत होती. माणसाचा हात न लागलेली म्हणे! अहो, त्या हातानेच ती जगली होती. तो हात तुम्ही काढून घेतलात, आणि निवड कशाला म्हणतात ते आम्हाला शिकवणारेही तुम्हीच. यातला वाटा मी घेणार नाही. मी वीस वर्षांची पोर होते, तुम्ही माझे देव होता. देवाला कोण अडवतं?

थोडं बी तुमच्यापाशी होतं. कॉलेजच्या मागे सिमेंटच्या टाक्यांत ते लावलंत, शेजारच्याच टाक्यांत तुलनेसाठी गावठी धानं, जांभळ्या पानांचंही. पहिलं साल हिरवंगार गेलं. त्याचंच बी पुढच्या पावसाळ्यात पेरलं, तर काही रोपांची पानं जांभळी. तुम्ही ती उपटलीत, आणि मग हिरवीही उपटायला लागलात. मी हात धरला, "सर, हिरवी राहू द्या ना." "आता हिरव्यावरही माझा भरवसा नाही," तुम्ही म्हणालात आणि रिकाम्या टाकीच्या काठावर बसून रडलात. त्यानंतर तुम्ही पुस्तकातलं तेवढंच शिकवलंत. काविळीने गेलात असं डॉक्टर म्हणाले. म्हणोत. जगायची इच्छा असलेला माणूस काविळीतून उठतो, मी पाहिलेत.

मीही जन्मभर वनस्पतिशास्त्रच शिकवलं. माय जाऊनही आता खूप झालं. आसपासच्या बोड्या एकेक करून पाहिल्या मी, कुठे शेत, कुठे शिंगाडा, कुठे नुसता कचरा. पोरांना पसई म्हटलं तर "वो क्या होता है मॅडम?" म्हणतात. कोणासाठी सांगायचं आणि काय दाखवून सांगायचं? जे गेलं ते परत येत नाही, एवढंच एक मी खात्रीने शिकवू शकले असते, आणि ते अभ्यासक्रमात नव्हतं.

गेल्या महिन्यात तिरोडीला एका मयतीला गेले होते. बसला वेळ होता. स्टेशनाबाहेरच्या डबक्यात भातासारखं काही उभं दिसलं, लांब लालसर कुसळांचं. पातळ वर धरून या वयात चिखलात उतरले. पान उलटून पाहिलं, कुसळ पाहिलं, दाणा बोटाने ओढून पाहिला. पसई म्हणावं तर पसई, करगा म्हणावं तर करगा. तुम्ही एका नजरेत सांगितलं असतं. मायने नुसतं हातात घेऊन सांगितलं असतं. दोघांनी मला शिकवलं होतं. बसवाला हॉर्न वाजवत राहिला, लोक बघत राहिले, आणि मी तिथे उभी. मला ओळखता आलं नाही, सर.