पाठीवरचा गुडघा

१२ फेब्रु.
बाजारात बिरूला धरला. कडेगावकडनं आलेला मेंढपाळ. चार दिवस झोपला नाही, डोकं बिघडलंय, असं त्याची आई सांगत होती. काठी घेऊन ओरडत होता, मारलं कुणालाच नव्हतं. माझ्यासोबतची पोलीस शिपाई शुभांगी त्याच्याशी बोलत होती. मला दम निघाला नाही. पालथा पाडला, बेड्या घातल्या, पाठीवर गुडघा. एकोणीस वर्षं असंच धरतोय.
"दादा, हालत न्हाई त्यो. कुशीवर घ्या." शुभांगी दोनदा म्हणाली.
मी म्हणालो, "गप. नाटक असतंय."
नाटक नव्हतं. ओठ निळे. तिनंच उताणा करून छाती दाबली. श्वास आला, शुद्ध नाही. सांगलीला नेलं.

१३ फेब्रु.
जेवण गेलं नाही. बायकोला सांगितलं, एक माणूस दवाखान्यात आहे. तिनं विचारलं, "तुमच्या हातनं?" मी उठून बाहेर गेलो.

१४ फेब्रु.
साहेबांनी मागच्या महिन्याचं परिपत्रक पुढं ठेवलं. पालथ्या माणसाच्या पाठीवर, मानेवर भार द्यायचा नाही. बेड्या पडल्या की लगेच कुशीवर. खाली माझी सही. न वाचताच केलेली.
"झटापटीत पडला, एवढंच लिहा. दोघांचे जबाब जुळले पाहिजेत."
शुभांगी माझ्याकडं बघत होती. नोकरीला दीड वर्ष झालंय तिला.

१६ फेब्रु.
सांगली. साध्या कपड्यांत गेलो. बिरू शुद्धीवर, पण शब्द जुळत नाहीत. आईनं मला ओळखलं. वाटलं, शिव्या देईल. बाकावर सरकून जागा दिली.
"तुमाला त्येचं भ्या वाटलं व्हय, सायेब?"
"न्हाई मावशी. सवय."


१७ फेब्रु.
शुभांगीनं विचारलं, "दादा, काय लिहू?"
"बघितलंस ते. दोनदा सांगितलंस तेबी."
"तुमची नोकरी जाईल की."
"माझ्यापायी तू खोटं लिहू नको."
बोलून गेलो. घरी आल्यावर पासबुक काढून बघितलं. पोरीची बारावी आहे.

१९ फेब्रु.
जबाब दिला. किती वेळ दाबलं, तिथं आधी 'सांगता येत नाही' लिहिलं होतं. खोडून 'दोन मिनिटांच्या वर' लिहिलं. साहेबांनी वाचून फाईलला लावला.

२४ फेब्रु.
प्रशिक्षण. पालथं कोण पडणार म्हणाले, मी पडलो. शिकवणाऱ्यानं गुडघा नुसता टेकवला. "उठा" म्हणायला गेलो, आवाज फुटेना. हातपाय आपोआप झाडायला लागलो, श्वासासाठी. आपण त्यालाच झटापट म्हणतो. इतकी वर्षं.

२ मार्च
सोमवारी चौकशी. शुभांगीलाही बोलावलंय. साहेब सरळ बघत नाहीत.
दुपारी बिरूच्या आईचा फोन. त्याला घरी सोडलं. थोडं बोलतोय, डावा हात उचलत नाही. बाजारातलं काही आठवत नाही त्याला.
"मला इचारतोय, आयं, मला काय झालं? मी काय सांगू? तुमी येऊन सांगा."
येतो म्हणालो. चौकशीत सांगता येईल, तिथं प्रश्न विचारतात. पण त्याच्यापुढं बसून पहिलं वाक्य मलाच बोलावं लागेल.