टाचेनं तपासलेली फरशी

१८ जानेवारी, रविवार
जपान

माय वं,

तुले पूनमचा नमस्कार. गुडघ्याले तेल लावून राह्यली का नाही? शिवमले म्हणावं, मोबाईल कमी पाह्य, बारावी हाय. इथं बर्फ पडून राह्यला, पण मी ठणठणीत हाय.

फोन असताना चिठ्ठी काऊन, असं म्हणशील. तुमचा फोन स्पीकरवर असते वं! शेजारची केसरबाई, पुंजाजी मामा, सगळे खाटेवर बसून ऐकते. हे फक्त तुह्यासाठी हाय. सावकाश वाच.

आमचं हॉटेल म्हणजे जुनं लाकडी घर. जमिनीतून गरम पाणी येते, त्यात बसाले लोक दुरून येते. चपला दारातच काढायच्या. आत सपाता, अन् चटईच्या खोलीत त्याही नाही. संडासच्या सपाता तर अलगच. एकदा मी त्याच घालून चटईवर गेली. बापा! देवघरात चप्पल घालून गेल्यासारखे सगळे मह्याकडं पाहत राह्यले.

पाहुणा जेवाले गेला का आम्ही त्याची गादी अंथरून ठेवतो. चादरीले एक सळ दिसली का पुन्हा काढा. हौदात उतराच्या आधी लहान स्टुलावर बसून अंग घासून घ्याचं, मंग पाण्यात नुसतं आरामाले बसाचं. पहिल्या दिवशी मले आंघोळ शिकवली, तर मी काय करावं? हौदाच्या काठावरच बसली, त्यातलंच पाणी घेऊन साबण लावला, आपण घरी गंगाळाजवळ बसतो तशी. सगळा फेस हौदात! अख्खा हौद रिकामा करून घासा लागला. मीच घासला.

अन् माय, तेव्हापासून मीच घासते. काउंटरवर बसते म्हणून सांगतलं ते खोटं हाय. एक दिवसही बसली नाही. मी न्हाण्या धुते.

आता रागावू नको, पुढचं ऐक. मागच्या महिन्यात मालकीणबाई तपासाले आल्या. बाकीच्या पोरी फरशी नजरेनं पाह्यते. मी तुह्यासारखी डोळे मिटून, अनवाणी, टाच घासत फिरून राह्यली होती. एका कोपऱ्यात टाच सटकली, म्हणजे साबण राह्यलाच होता. तिथं दोनदा घासेल होतं, चकचकीत दिसत होतं. मालकीणबाईंनी पायमोजे काढले, किमोनो वर धरला अन् स्वतः टाच फिरवली. त्याईचीही सटकली!

"ही रीत कोणी शिकवली?"

"माझ्या आईनं."

"त्या काय करतात?"

मी म्हणाली, "आमच्या तालुक्याच्या गावी एका लॉजवर न्हाण्या धुवायची. एकोणीस वर्षं." सांगताना लाज नाही वाटली वं, छाती फुगली. मालकीणबाई कमरेत वाकल्या. मले नाही, तुले वाकल्या. आता रोज सकाळी सगळ्या पोरी टाच घासत फिरते, अन् मालकीणबाई त्याले 'आईची फेरी' म्हणते.

हे इतकं सांगून गप्प बसणार होती. पण नाही बसवत.

मी सातवीत होती. मेहकरच्या स्टँडवर मैत्रिणींसोबत उभी होती. तू समोरच्या लॉजच्या दारात, हातात फिनाईलची बादली. "पूने!" म्हणून हाक मारली. मैत्रीण म्हणे, कोण वं ती? मी म्हणाली, "लॉजवाली बाई हाय, आमच्या गावची." तुले ऐकू गेलं. रात्री तू मले गरम भाकर वाढली, अन् कधी एक शब्द नाही बोलली. पण त्या दिवसापासून तू स्टँडकडून यायचं सोडलं, मागच्या गल्लीनं जाऊ लागली. मले समजत होतं काऊन. तरी मी गप्प राह्यली. मले माफ कर माय.

आता मामा फेब्रुवारीत मह्या सोयरिकीसाठी पाहुणे आणून राह्यले. पोरगी काउंटरवर, माय पहिल्यापासून घरीच, असं त्याईले सांगेल हाय. ते मीच मामाले सांगाले लावलं होतं. म्हणजे मी तुले दुसऱ्यांदा मागच्या गल्लीत पाठवलं.

हे नाही चालणार. पाहुणे बसले का तूच सांगजो, समोर बसून: मी लॉजवर न्हाण्या धुतल्या, पोरगी जपानात धुते. मंग राह्यले तर राह्यले, उठले तर जाऊ दे. पोहे आपल्याच घरी राह्यतीन.

अन् शिवमले तुहा पासपोर्ट काढाले लाव. मालकीणबाई म्हणते, आईला घेऊन या, खोली माझ्याकडून. तू नुसतं गरम पाण्यात बसायचं. फरशीले हात लावायचा नाही. टाच मात्र घासून पाह्यशीलच, मले माहीत हाय. पाह्य. सटकणार नाही.

लॉजवाल्या बाईची पोरगी,
पूनम