फायलीतला अंगठा

मखमलाबाद, नाशिक
नोव्हेंबर २००७

प्रिय ललित,

दिवाळीला आलास आणि हेल्मेट इथंच विसरून गेलास. डोकं बरोबर नेलंस, तेवढं नशीब! ओट्यावर ठेवलं तर त्यात पांढरी कोंबडी बसायला लागली. दोन अंडी झालीत, तेव्हा आता परत मागू नकोस. टॉवेल विसरलास, चार्जर विसरलास. आणि असला विसरभोळा माणूस रणधीर क्रीडा मंडळाच्या साठ वर्षांच्या आठवणी कॉम्प्युटरात भरतोय म्हणे. मंडळाचं अवघड आहे, बाबा.

पण तू काम कसं करतोस ते सांगितलंस, ते मला आवडलं. ओलीनं चिकटलेले फोटो अलगद सोडवायचे, वाळवीनं खाल्लेल्या वह्या ब्रशनं झाडायच्या, एकेक पान काचेवर ठेवायचं, खालून उजेड फिरला की ते आत गेलं. मग त्याला नंबर द्यायचा आणि नाव लिहायचं. बिननावाची वस्तू यादीत जात नाही, म्हणालास. म्हणून मला दोन गोष्टी विचारल्यास. चौऱ्याण्णव सालच्या कबड्डी संघाच्या फोटोत तुझ्या बापाशेजारी उभा आहे त्याचं तोंड ब्लेडनं खरवडलंय, तो कोण? आणि फायलीत एका जबाबाची नक्कल सापडली, खाली सही नाही, नुसता अंगठा आहे, तो कोणाचा? मी म्हटलं, मला मेलीला दिसत नाही नीट. खोटं बोलले. शेवंतीवरची माव्याची कीड मला बांधावरून दिसते. आणि ज्याला लिहिता येत नाही त्याला विसरणं परवडत नाही.

खरवडलेलं तोंड गेणूचं आहे. कुसाबाईचा गेणू. बाप नव्हता त्याला. सरावानंतर सगळी पोरं आपल्या ओट्यावर जेवायची, त्यात सगळ्यात जास्त हाच हादडायचा. तू तेव्हा नऊ वर्षांचा, त्याच्या खांद्यावर बसून मळाभर फिरायचास. तेही विसरलास.

त्या वर्षी अंतिम सामना आपल्या मैदानावर होता. जिंकेल त्याच्या गळ्यात आपल्या मळ्यातला हार पडायचा, अशी मंडळाची रीत होती. मी शेवंतीचा हार करून घेऊन गेले, मनात तो माझ्या सोमनाथच्याच, तुझ्या बापाच्या गळ्यात घातलेला. शेवटच्या चढाईला पाहुण्या संघाचा रंगनाथ आत आला. त्याची लाथ तुझ्या बापाच्या तोंडावर बसली, दोन दात मातीत पडले. गेणूनं रंगनाथचा घोटा धरला आणि सगळे त्याच्यावर पडले. ऊस मोडावा तसा आवाज मला दोरीबाहेर ऐकू आला. तरी ते पोर मोडक्या पायानं रांगत सुटलं आणि त्याचं एक बोट मधल्या रेषेला लागलं. एका गुणानं गेलो आपण. हार त्याच्या गळ्यात पडला.

मी फुलांच्या पाट्या गोळा करायला मांडवामागं गेले. रंगनाथ तिथं मातीत बसला होता, पाय दोन्ही हातांत धरून, गळ्यात हार तसाच. सोमनाथ आला. तोंडातून रक्त गळत होतं. त्यानं मांडवाची लोखंडी मेख उपटली. पहिल्या घावाला रंगनाथ 'दादा' म्हणाला. दुसऱ्याला काहीच म्हणाला नाही. तिसरा कशासाठी होता ते मला आजही कळलेलं नाही. गेणू धावत आला, त्यानं तुझ्या बापाला ढकललं, मेख हिसकावली आणि रंगनाथचं डोकं मांडीवर घेऊन बसला. लोक आले तेव्हा रंगनाथ गेलेला, मेख गेणूजवळ, त्याचं बनियन रक्तानं भिजलेलं. घोटा त्यानंच धरला होता हे सगळ्यांनी पाहिलेलं. पाहुण्यांनी तिथंच त्याचा डावा हात मोडला. मी पाटी डोक्यावर धरून उभी होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मंडळाचा चिटणीस सावळीराम कागद लिहूनच घेऊन आला. गेणूला मारताना मी डोळ्यांनी पाहिलं, असं त्यात होतं. आता सगळे म्हणतील, अडाणी बाई, तिला काय कळतंय, फसवून अंगठा घेतला असेल. तसं लिहू नकोस. त्यानं दोनदा वाचून दाखवलं. मी दोन्हीदा ऐकलं. झेंडू तोडून हिरवा झालेला अंगठा मी माझ्या हातानं शाईत बुडवला.

गेणूला सात वर्षांची सजा झाली. कुसाबाई त्याची वाट बघत गेली. तुझ्या बापानं दाढीच्या ब्लेडनं ते तोंड खरवडलं आणि तरी त्याला धड झोप लागली नाही, शेवटी हायवेवर ट्रकखाली गेला. तो दुष्ट नव्हता रे. पण तीन घाव त्याचेच होते. गेणू आता मार्केटात पोती उतरवतो. मी फुलं घेऊन गेले की वाकड्या हातानं माझी पाटी उतरवतो. "काकू, जपून," म्हणतो. सहा वर्षं झाली, याच्यापुढं एक शब्द नाही. मला मेखेचे घाव सोसले असते, हे सोसत नाही.

येत्या रविवारी तुम्ही त्या कॉम्प्युटरच्या खोलीवर 'कै. सोमनाथ स्मृती संग्रह' अशी पाटी लावणार. ती लावायच्या आधी हे पत्र काचेवर ठेव. खाली माझा अंगठा आहे, फायलीतल्या अंगठ्याशी ताडून बघ आणि दोन्हींखाली माझं नाव लिही, गोजराबाई. फोटोखाली गेणूचं लिही. पोलिसांना मला न्यायचं असेल तर न्यावं, मी शेवंतीला पाणी भरून तयार आहे. आईला काय वाटेल म्हणून अडखळू नकोस. हे पत्र तीच लिहितेय. तिसऱ्या घावाला प्रतिभाचा हात थांबला. "आत्याबाई, दोनच लिहू का?" म्हणाली. मी म्हटलं, तीन. तिनं तीन लिहिले. त्या दिवशीचं सोमनाथचं बनियन तिनंच धुतलं होतं.

गेणूला हुलग्याची शेंगोळी फार आवडायची. रविवारी मी स्वतः डबा घेऊन त्याच्या दारात जाणार. त्यानं तोंडावर फेकला तर फेकू दे. घरातलं पीठ संपलंय. शनिवारच्या आत दोन किलो हुलग्याचं पीठ पाठव, जाडसर दळलेलं. लसूण गावठीच पाठव, सोललेला नको. आणि विसरू नकोस.

तुझीच,
आजी
(अंगठा)